वापरलेल्या महागड्या परफ्यूमचा खरेपणा आणि वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये परदेशी परफ्यूमच्या वापरलेल्या किंवा न उघडता कपाटात पडून राहिलेल्या बाटल्या पूर्वी ओळखीपाळखीतच हात बदलत असत. आता अनोळखी माणसांशी मोबाइलवरून व्यवहार ठरतो आणि कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत बाटली हातात पडते. अशी बाटली घेण्यापूर्वी ती तपासून देण्याची विनंती मला अनेक वर्षे होत आली आहे. त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची शक्य तितकी नेमकी उत्तरे पुढे दिली आहेत.

बाटली खरी आहे एवढे कळले की पुरे नाही का? वय वेगळे का तपासायचे?

पुरे नाही. बाटली, खोका आणि आतील द्रव या तिन्ही गोष्टी खऱ्या असूनही परफ्यूम निकामी झालेला असू शकतो, कारण तो चार उन्हाळे पश्चिमेच्या खिडकीत उभा होता. उलट पंधरा वर्षांपूर्वीची बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात राहिली असेल तर तिचा वास आजही पूर्ण असतो. म्हणून तीन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात : वस्तू ज्या कंपनीची म्हणून विकली जात आहे त्याच कंपनीची आहे का, ती केव्हा बनली, आणि मधला काळ तिने कुठे काढला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खोका आणि बाटली यांवरून बऱ्याच अंशी मिळतात. तिसऱ्याचे उत्तर विक्रेत्याचे बोलणे आणि आपले नाक यांवरूनच काढावे लागते, आणि माझ्या अनुभवात चुका जास्त होतात त्या तिथेच.

‘फर्स्ट कॉपी’, ‘क्लोन’, ‘टेस्टर’ आणि ‘डिकँट’ यांत फरक काय?

‘फर्स्ट कॉपी’ हा बनावट मालासाठी वापरला जाणारा गोड शब्द आहे. मूळ कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह चोरून लावलेली ही वस्तू असते आणि तिची विक्री हा गुन्हा आहे. ‘क्लोन’ म्हणजे दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेला, एखाद्या प्रसिद्ध परफ्यूमसारखा वास देणारा परफ्यूम. तो उघडपणे स्वतःच्या नावाने विकला जात असेल तर त्यात फसवणूक नाही. ‘टेस्टर’ ही दुकानात ग्राहकांना वास देण्यासाठी कंपनीने पाठवलेली बाटली असते. तिचा खोका साधा पांढरा किंवा तपकिरी असतो, कधी टोपण नसते, पण आतील द्रव तोच असतो. मात्र साधा खोका छापणे सर्वांत सोपे असल्यामुळे टेस्टरच्या नावाखाली बनावट मालही खूप खपतो. मोठ्या बाटलीतून लहान कुपीत काढून दिलेला परफ्यूम म्हणजे ‘डिकँट’. त्याच्याबाबतीत बाटली, खोका, कोड यांपैकी काहीच तपासता येत नाही, सारा भरवसा माणसावर टाकावा लागतो. म्हणून डिकँट घ्यायचेच असेल तर मूळ बाटली समोर ठेवून, आपल्यादेखत काढून घ्यावे.

प्रत्यक्ष भेटण्यापूर्वी विक्रेत्याकडून कोणती छायाचित्रे मागवावीत?

खोक्याचा तळ आणि मागची बाजू, बाटलीचा तळ, टोपण काढल्यावर दिसणारा गळा, आणि उजेडाकडे धरलेली बाटली अशी छायाचित्रे मागवावीत. त्यांपैकी एका छायाचित्रात त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी बाटलीशेजारी ठेवायला सांगावी, कारण दुसऱ्याची छायाचित्रे उचलून पाठवणारे अनेक असतात. बाटलीच्या तळाचे छायाचित्र द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

बॅच कोड म्हणजे काय, आणि तो कसा वाचायचा?

कारखान्यात एका वेळी भरलेल्या मालाला दिलेली ती ओळख असते. बहुधा तीन ते आठ अक्षरे किंवा अंक असतात. ते बाटलीच्या तळाशी किंवा तळाजवळ आणि खोक्याच्या तळाशी, काचेत कोरलेले, शाईने छापलेले किंवा कागदात दाबून उमटवलेले असतात. बाटलीवरचा आणि खोक्यावरचा कोड जुळला पाहिजे, ही पहिली कसोटी. जुळत नसेल तर निदान एवढे निश्चित कळते की ही बाटली या खोक्यातली नाही.

कोडची रचना प्रत्येक कंपनीची निराळी असते. उदाहरणार्थ, इस्ते लॉडर समूहाच्या उत्पादनांवर, म्हणजे टॉम फोर्ड, जो मलोन, क्लिनिक यांवर, बहुधा तीन चिन्हांचा कोड आढळतो. त्यातले पहिले अक्षर कारखान्याचे, दुसरे महिन्याचे आणि तिसरा अंक वर्षातील शेवटचा अंक असतो. महिन्यासाठी १ ते ९ हे अंक आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी ए, बी, सी ही इंग्रजी अक्षरे वापरतात. समजा, टॉम फोर्डच्या ऊद वुडवर ‘ए५३’ असा कोड आहे. महिना मे, हे कळले. वर्ष मात्र २००३, २०१३ किंवा २०२३ यांपैकी कोणतेही असू शकते. ऊद वुड बाजारात आला तोच २००७ मध्ये, म्हणून २००३ आपोआप बाद होते. उरलेल्या दोहोंतून निवड करण्यासाठी खोक्यावरील घटकांची यादी, आयातदाराचे लेबल आणि बिल यांकडे वळावे लागते. कोड काही वर्षांनी फिरून तोच येतो ही अडचण इतरही अनेक कंपन्यांच्या बाबतीत आहे. शानेलचा चार अंकी कोडही त्याला अपवाद नाही.

मी कोड एका संकेतस्थळावर टाकला आणि योग्य तारीख आली. म्हणजे बाटली खरी आहे ना?

नाही. अशी संकेतस्थळे कोडची रचना ओळखून त्यातून तारीख काढतात. तो कोड असलेली आपल्या हातातली बाटली कोणी भरली, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. बनावट माल करणारा एक खरी बाटली विकत घेतो, तिच्यावरचा कोड जसाच्या तसा उचलतो आणि हजारो खोक्यांवर छापतो. त्यामुळे तारीख न येणे हे शंकेचे कारण होऊ शकते, पण तारीख येणे हा खरेपणाचा पुरावा होत नाही. एकाच विक्रेत्याकडे वेगवेगळ्या परफ्यूमच्या चार बाटल्यांवर एकच कोड दिसला, तर मात्र निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही.

बारकोड ३ ने सुरू होत असेल तर माल फ्रान्सचा, असे म्हणतात. ते खरे का?

अर्धवट खरे आहे. ३०० ते ३७९ हे आरंभीचे अंक फ्रान्समधील नोंदणी संस्थेला आणि ८९० हे भारतातील संस्थेला दिलेले आहेत. पण त्यावरून क्रमांक कुठल्या देशात नोंदवला एवढेच कळते, माल कुठे बनला ते नाही. शिवाय एकाच उत्पादनाच्या सगळ्या बाटल्यांवर तोच बारकोड असतो. त्यातून वयही कळत नाही.

खोक्यावरील मजकुरावरून वय कसे ठरवायचे?

ही तपासणी मला सर्वांत विश्वासाची वाटते आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कायदे बदलतात, कंपन्यांचे मालक बदलतात, आणि त्या प्रत्येक बदलाची खूण खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत राहून जाते. भिंग घ्यावे आणि सावकाश वाचावे.

युरोपात २००५ च्या मार्चपासून ॲलर्जी उद्भवू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावे खोक्यावर देणे बंधनकारक झाले. लिनालूल, लिमोनीन, सिट्रल, युजेनॉल, कुमारिन ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. युरोपसाठी बनलेल्या खोक्यावर ही नावे अजिबात नसतील तर तो साधारणपणे त्या आधीचा आहे. उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात ‘३६’ सारखा महिन्यांचा आकडा ही खूणही त्याच सुमारास आली. त्यामुळे कोणी ‘१९९५ ची जुनी बाटली’ म्हणून विकत असेल आणि खोक्यावर घटकांची लांबलचक यादी व उघड्या डबीचे चित्र असेल, तर एक तर बाटली तितकी जुनी नाही किंवा खोका तिचा नाही.

दुसरी खूण लिलिअलची. ‘ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ या नावाने यादीत दिसणारा हा घटक युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. तो यादीत असेल तर युरोपच्या बाजारासाठी भरलेली ती बाटली त्याआधीची समजावी. लायरल हा घटक यादीत ‘हायड्रॉक्सिआयसोहेक्झिल ३-सायक्लोहेक्झीन कार्बोक्साल्डिहाइड’ अशा लांब नावाने येतो. त्यावर त्याही आधी बंदी आली : ऑगस्ट २०१९ पासून तो असलेले नवे उत्पादन बाजारात आणणे बंद झाले आणि ऑगस्ट २०२१ पासून विक्रीही थांबली. मात्र उलटा निष्कर्ष काढू नये. कित्येक कंपन्यांनी बंदीच्या पुष्कळ आधी हे घटक काढून टाकले होते आणि कित्येक परफ्यूममध्ये ते कधी नव्हतेच, म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ बाटली नवी असा होत नाही. २०२३ मध्ये युरोपीय संघाने जाहीर करावयाच्या घटकांची यादी ८० हून अधिक नावांपर्यंत वाढवली. नव्या उत्पादनांना ती ३१ जुलै २०२६ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना ३१ जुलै २०२८ पासून लागू आहे. त्यामुळे यापुढे यादीची लांबी हीच एक खूण होईल.

तिसरी खूण कंपनीच्या नावाची. गुचीच्या परफ्यूमचा परवाना प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे होता आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तो कोटी या कंपनीकडे गेला. इव्ह सेंट लॉरेंटचे परफ्यूम २००८ मध्ये लॉरियलकडे आले, मुग्लरचे २०२० मध्ये आणि प्रादाचे २०२१ मध्ये. खोक्यावरचे उत्पादकाचे नाव आणि विक्रेत्याने सांगितलेले वर्ष यांचा मेळ बसतो का, ते पाहावे. हस्तांतरणानंतर काही महिने जुनी छपाई चालू राहते, म्हणून वर्षभराचा फरक क्षम्य मानावा. दहा वर्षांचा नाही.

परफ्यूम बाजारात केव्हा आला हेही माहीत असावे. डिओरचे सोवाज २०१५ मध्ये आले, त्याचे ‘ओ द पर्फ्यूम’ रूप २०१८ मध्ये, ‘पर्फ्यूम’ २०१९ मध्ये आणि ‘एलिक्सिर’ २०२१ मध्ये. १९६६ चे ‘ओ सोवाज’ हा नावापुरता सारखा, पण पूर्ण निराळा परफ्यूम आहे. ‘२०१६ साली दुबईहून आणलेले सोवाजचे ओ द पर्फ्यूम’ असे कोणी सांगितले तर त्या वाक्यात काहीतरी चूक आहे. ती स्मरणाची चूक असू शकते, म्हणून लगेच आरोप करू नये, बिल मागावे.

खोक्यावर भारतातील लेबल नाही. म्हणजे माल खोटा का?

तसे नाही. भारतात अधिकृतपणे आयात होऊन विकल्या जाणाऱ्या परफ्यूमवर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असलेले लेबल चिकटवलेले असते. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० आणि आवेष्टित वस्तूंसंबंधीचे वैधमापनशास्त्राचे २०११ चे नियम त्यामागे आहेत. पण मुलाने अमेरिकेहून आणलेल्या, मावशीने मस्कतच्या विमानतळावर घेतलेल्या बाटलीवर हे लेबल असणारच नाही, आणि नाशकातल्या घरांतून विकायला निघणाऱ्या बाटल्यांत अशांची संख्या मोठी असते. मात्र ‘इथल्याच दुकानातून घेतली’ असे सांगितले जात असेल आणि लेबलही नसेल, बिलही नसेल, तर सांगणे आणि वस्तू यांत विसंगती आहे. लेबल असलेच तर वयाच्या दृष्टीने ते फार उपयोगी आहे, कारण त्यावरचा महिना आणि वर्ष कोड न उलगडताच वाचता येते.

बाटली हातात घेतल्यावर काय पाहावे?

आधी टोपण. महाग परफ्यूमचे टोपण डगडगत नाही आणि बसताना त्याचा एक ठाम, भरीव आवाज होतो. ब्ल्यू द शानेलचे टोपण चुंबकाने बसते, ते नुसते दाबून बसत असेल तर पुढे तपासण्याची गरज नाही. मग काच : तळाची जाडी सगळीकडे सारखी असावी, काचेत बुडबुडे नसावेत, अक्षरांच्या कडा स्वच्छ असाव्यात. नंतर आतील नळी. ती तळाच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोचते, गुंडाळी होऊन पडलेली नसते, आणि अनेक चांगल्या बाटल्यांत ती इतकी पारदर्शक असते की द्रवात बुडालेला भाग जवळजवळ दिसतच नाही. पांढरट, जाड, लांबलचक नळी ही शंकेची जागा आहे.

गळ्याभोवती यंत्राने दाबून बसवलेली धातूची कडी सर्वांत बारकाईने पाहावी. कारखान्यातून आलेल्या कडीवर दाब सर्व बाजूंनी सारखा असतो. पक्कडीचे ओरखडे, एका बाजूला उचललेली कड, कडीखाली सांडून वाळलेला द्रव यांपैकी काही दिसले तर बाटली कोणीतरी उघडली आहे. काही परफ्यूमचा फवारा मुळातच आट्यांचा, फिरवून उघडणारा असतो. तिथे ही कसोटी लागू पडत नाही, म्हणून आपल्या बाटलीची रचना आधी माहीत करून घ्यावी. शानेल नंबर ५ च्या काचेच्या बुचाच्या शुद्ध पर्फ्यूमची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या बुचावर पातळ पडदा ओढून, काळा दोरा हाताने गुंडाळून वर मेणाची मोहोर लावलेली असते. ‘न उघडलेली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा बाटलीचा दोरा आणि मोहोर शाबूत असलीच पाहिजे.

खोक्याबाबत एक स्थानिक सूचना. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि लोखंडी कपाटात ठेवलेला खोका फुगतो, कोपरे सैल होतात, सेलोफेन ढिले पडते. एवढ्यावरून माल खोटा म्हणू नये. फुगलेला खोका ओल सांगतो, चुकलेले स्पेलिंग बनावट सांगते.

बाटली आणि खोका दोन्ही खरे, पण आत भलतेच काही भरलेले असू शकते का?

असू शकते, आणि हा प्रकार सर्वांत धोकादायक आहे, कारण वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या कसोट्या अशी बाटली पार करते. रिकाम्या खऱ्या बाटल्या खोक्यासह विकत घेणारे लोक आहेत, आणि ते त्या शोकेसमध्ये मांडायला घेत नाहीत.

माझी स्वतःची फसगत अशीच झाली. गंगापूर रोडवर एका विक्रेत्याकडून मी एक बाटली घेतली होती. दोन्ही कोड जुळत होते, आयातीचे लेबल होते, जुने बिलही होते. संध्याकाळी घाईत, एकच फवारा मारून, पहिल्या दोन मिनिटांच्या वासावर मी पैसे दिले. रात्री मनगटावर फक्त गोडसर, सपाट असे काहीतरी उरले होते. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिल्यावर कडीच्या मागच्या बाजूला दोन बारीक ओरखडे दिसले. ते आदल्या दिवशीही तिथे होते, मी फक्त पुढची बाजू पाहिली होती. तेव्हापासून मी कडी पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय आणि निदान पाऊण तास वास घेतल्याशिवाय कोणालाही ‘घ्या’ असे सांगत नाही.

वासावरून खरे-खोटे कसे ओळखायचे?

आठवणीतल्या वासाशी तुलना करू नये, आठवण दगा देते. शक्य असेल तर आधी एखाद्या अधिकृत दुकानात जाऊन त्याच परफ्यूमचा, त्याच प्रकारचा टेस्टर कागदाच्या पट्टीवर घ्यावा. पट्टी लहान बंद पिशवीत ठेवून आणावी आणि समोरासमोर वास घ्यावा. काही निवडक कंपन्यांची काउंटर नाशिकमध्ये नाहीत. महागडी बाटली घ्यायची असेल तर एखाद्या सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन खरा वास नाकात पक्का करून येणे, हा खर्च वाया जात नाही.

बाटली पुष्कळ दिवस वापरात नसेल तर पहिले तीन-चार फवारे सोडून द्यावेत, कारण नळीत साचलेला द्रव आधी बाहेर येतो आणि तो शिळा असतो. त्यानंतर एक फवारा पट्टीवर, एक मनगटावर. लगेच, वीस मिनिटांनी आणि जमल्यास तीन-चार तासांनी वास घ्यावा. चांगला परफ्यूम या काळात बदलत जातो : आरंभीचे लिंबूवर्गीय तेज ओसरते, मधली फुले किंवा मसाले पुढे येतात, शेवटी लाकूड, राळ, कस्तुरीसारखे जड सूर उरतात. बनावट मालात बहुधा आरंभी अल्कोहोलचा झोत, मग एकच सूर आणि मग अचानक शून्य असे होते. टिकाऊपणावर मात्र विसंबू नये. आजचे स्वस्त क्लोनही दिवसभर टिकतात आणि कित्येक अस्सल कोलोन दोन तासांत उडतात.

बनावट आणि बिघडलेला यांतला फरक असा : बिघडलेल्या अस्सल परफ्यूमचा आरंभ आंबट, नेलपॉलिशसारखा किंवा जुन्या तेलासारखा येतो, पण अर्ध्या तासाने खालचा मूळ परफ्यूम वर येतो आणि ओळखू येतो. बनावटाचा आरंभ कधी कधी हुबेहूब असतो आणि अर्ध्या तासाने खाली काहीच नसते.

द्रवाचा रंग गडद झाला आहे. घ्यावा का?

केवळ रंगावरून नाकारू नये. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारा घटक, असलेले परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतातच आणि नारिंगीच्या फुलांच्या किंवा मोगऱ्याच्या वळणाचे काही परफ्यूमही गडद होतात. ही रसायनांची आपसातली प्रक्रिया आहे आणि वासाला तिने नेहमी बाधा येते असे नाही. गढूळपणा, तळाशी साका किंवा तरंगणारे कण दिसले तर मात्र थांबावे. पाणी किंवा परके तेल मिसळल्याचे ते लक्षण असू शकते.

परफ्यूम किती वर्षे टिकतो? आणि नाशिकच्या हवेत?

खोक्यावरचे महिने उघडल्यानंतरच्या वापरासाठीचे असतात, तो मृत्यूचा दिनांक नव्हे. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९९० मध्ये सुरू झालेला ऑस्मोतेक हा सुगंधांचा संग्रह आहे. तिथे जुने परफ्यूम अंधारात, १२ अंश तापमानात आणि बाटलीतील रिकामी जागा आरगॉन वायूने भरून ठेवतात. म्हणजे शत्रू तीन : उजेड, उष्णता आणि प्राणवायू. त्यांना दूर ठेवता आले तर परफ्यूम दशकानुदशके टिकतो.

आपल्याकडे थंडीच्या दिवसांत काही काळजी नसते, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सिमेंटच्या घरात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले कपाट रात्रीही तापलेले राहते. बाथरूमची फळी आणि गाडीचा कप्पा याहून वाईट. याउलट जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींत बसवलेली लाकडी कपाटे परफ्यूमला अतिशय मानवतात. अशा एका कपाटातून निघालेल्या, खोक्यातच राहिलेल्या बाटलीतला संत्र्याच्या सालीचा पहिला सूर मी इतक्या वर्षांनी ताजा अनुभवला आहे, आणि लिंबूवर्गीय सूर तर सर्वांत आधी मरतात. म्हणून विक्रेत्याला ‘किती वर्षांची’ याबरोबर ‘कुठे ठेवली होती’ हेही विचारावे, आणि घरी भेट होणार असेल तर ती जागा दाखवायला नम्रपणे सांगावे. अर्धी रिकामी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा लवकर बिघडते, कारण तिच्यात हवा जास्त असते.

बाटली किती भरलेली आहे हे अपारदर्शक काचेतून कसे कळणार?

वजनावरून. परफ्यूम पाण्याहून हलका असतो, १०० मिलिलिटर द्रवाचे वजन साधारण ८० ते ९० ग्रॅम भरते. त्याच आकाराच्या दुसऱ्या बाटलीचे वजन माहीत असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही चांगला अंदाज येतो.

जुनी बाटली नव्यापेक्षा महाग का विकली जाते?

कारण नाव तेच राहून आतील घडण बदललेली असते. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इफ्राचे, नियम आणि युरोपचे कायदे यांमुळे अनेक घटकांवर मर्यादा आल्या. ओकच्या झाडावरील शेवाळासारखी वाढ, म्हणजे ओकमॉस, हे त्याचे ठळक उदाहरण. गेर्लांच्या १९१९ च्या मित्सुकोसारखे परफ्यूम त्यावरच उभे होते आणि त्यांना पुन्हा नव्याने बांधावे लागले. जुनी घडण हवी असणारे लोक म्हणूनच अधिक पैसे मोजतात. पण ‘व्हिंटेज’ हा शब्द ऐकून जादा पैसे देण्यापूर्वी वर दिलेल्या खोक्यावरील खुणा दोनदा पडताळाव्यात.

जुना परफ्यूम त्वचेवर लावणे सुरक्षित आहे का?

लिनालूल आणि लिमोनीन हवेच्या संपर्काने ऑक्सिडाइज होतात आणि त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइड ही संयुगे त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. म्हणून जुना परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक-दोन दिवस थांबावे. पुरळ, खाज किंवा लाली आली तर तो कपड्यांवरही वापरू नये. बनावट द्रवाबाबत तर कोणते अल्कोहोल, कोणता रंग, काहीच सांगता येत नाही, तो त्वचेवर मारूच नये. लहान मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मी असा कोणताही प्रयोग करू देत नाही.

पैसे केव्हा आणि कसे द्यावेत?

तपासणी पूर्ण झाल्यावर, समोरासमोर. आगाऊ रक्कम मागणाऱ्याला नकार द्यावा. आपण विकत असाल तर लक्षात ठेवावे की यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला जात असेल तर आपल्या खात्यातून पैसे जाणार आहेत. व्यवहाराची एक ओळीची पावती घ्यावी : परफ्यूमचे नाव, आकार, बॅच कोड, रक्कम, तारीख आणि ‘बनावट आढळल्यास रक्कम परत’ हे शब्द. प्रामाणिक विक्रेता यावर सही करायला कचरत नाही.

फसवणूक झालीच तर कुठे जावे?

बाटली, खोका, संभाषण आणि पैसे दिल्याचा पुरावा तसेच ठेवावे, रागाच्या भरात बाटली फेकू नये. दुकानदार किंवा नियमित व्यवसाय करणारा विक्रेता असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. आपली एकच बाटली विकणारी खासगी व्यक्ती मात्र व्यापारी ठरत नाही, तिच्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. तिथे फसवणुकीची तक्रार पोलिसांत करावी लागते, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ त्यासाठी आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, तिथे तास-दोन तासांचा उशीरही महाग पडतो. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा व्यापारचिन्हे अधिनियम १९९९ नुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बनावट सौंदर्यप्रसाधनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते.

बाटली संपली. ती रद्दीवाल्याला दिली तर चालेल का?

तशीच देऊ नये. खोका फाडावा, विशेषतः तळाचा कोड असलेला भाग वेगळा करून टाकावा. बाटलीवरचे लेबल खरवडावे, फवाऱ्याचे बटण काढून मोडावे आणि मगच काच द्यावी. संग्रहासाठी रिकामी बाटली मागणारा ओळखीचा असेल, तर काचेवर न पुसणाऱ्या शाईने ‘रिकामी’ असे लिहून द्यावी.